आवाज तुमच्याकडूनच येतोय

आवाज बरोबर नऊला यायचा. रोज सकाळी, दहा-बारा सेकंद. बारीक, एकदा वर एकदा खाली असा. फार लांबून रुग्णवाहिका चालली आहे आणि चालून चालून दमली आहे, असं वाटावं.

तो कुठून येत होता हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. ही काही रहस्यकथा नाही, आणि त्या आवाजाने घरातल्यांना तेरा दिवस तंगवलं तेवढं पुरे झालं. आवाज कानसेनांच्या छातीतून येत होता. तिथे डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी तीन वर्षांपूर्वी बसवलेली होती. हृदयाने लय सोडली की ते ओळखायचं आणि आतल्या आत विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं, हे तिचं काम. डबीपासून हृदयापर्यंत एक वायर जात होती. त्या वायरला आता तडा जायला लागला होता, आणि डबी बिचारी रोज नऊला ते ओरडून सांगत होती. ऐकायला घरात खुद्द कानाचा तज्ज्ञ बसलेला होता. त्याने फ्रिजला अटक केली.

कानसेन हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सत्तावीस वर्षं घासल्यावर मिळालेली ती पदवी होती. बाकीचे मेकॅनिक झाकणं उघडून, मीटर लावून बिघाड शोधायचे. कानसेन तळमजल्यावर डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "पाचव्या मजल्यावरच्या दाराचं डावीकडचं चाक कोरडं पडलंय." वर जाऊन बघावं तर चाक कोरडं. त्यांचा नियम एकच होता: आवाज आला की आधी लिफ्ट बंद, मग चौकशी. त्या नियमापायी किती म्हाताऱ्या सहा-सहा मजले चढल्या आणि चढता चढता कानसेनांना काय काय म्हणाल्या, ते इथे लिहिण्याजोगं नाही. देखभालीची तारीख चुकवणारे सोसायट्यांचे सेक्रेटरी तर त्यांना पाहून चळाचळा कापायचे. "यंत्राला तारीख दिलीत ना? मग ती पाळायची. यंत्र तोंडाने मागत नाही," असं ते सुनवायचे.

स्वतःच्या डबीच्या सहामाही तपासणीच्या दोन तारखा मात्र त्यांनी चुकवल्या होत्या. दोन्ही वेळा लिफ्टची कामं निघाली. शिवाय डबीतून आवाज कुठे येत होता?

सोमवारी पहिल्यांदा आला तेव्हा ते चहा पीत होते.

"तुझा मोबाइल वाजला का गं?"

"माझा चार्जिंगला आहे, आतल्या खोलीत," बायको म्हणाली. ती ओट्यापाशी होती. "आवाज तुमच्याकडूनच आला."

कानसेनांनी कप खाली ठेवला. "वीस वर्षांत या घरात जे काही झालं ते माझ्याकडूनच झालं. नळ गळतो माझ्याकडून, भिंतीला ओल येते माझ्याकडून. आता आवाजही माझ्याकडून."

"मी आपलं ऐकू आलं ते सांगितलं."

"ऐकायचं काम तू माझ्यावर सोड."

तिने सोडलं. आता नवऱ्याने स्वतःहून एखादं काम अंगावर घेतलं तर कोणती शहाणी बायको आड येईल?

कानसेनांची तपासाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. नऊला दोन मिनिटं कमी असताना बायकोला स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घ्यायचं, पंखे बंद करायचे, संशयित वस्तूजवळ जायचं आणि तिला कान लावून श्वास रोखून उभं राहायचं. मुलगी साडेसातलाच शाळेत गेलेली असायची, त्यामुळे तो त्रास नव्हता. मंगळवारी ते भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून उभे राहिले. नऊ वाजले आणि आवाज आला, अगदी कानाशी. घड्याळ रंगेहाथ सापडलं. त्यातला सेल काढून त्याला बिछान्याखाली टाकण्यात आलं.

बुधवारी आवाज पुन्हा आला. त्या वेळी ते वजनकाट्यावर वाकलेले होते, म्हणजे वजनकाटा सामील. गुरुवारी फ्रिज. फ्रिजने तर इतकं जवळून कबुली दिली की कानसेनांना त्याची कीवच आली. तरी कायदा तो कायदा. प्लग काढला, दूध समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेलं, आणि फ्रिजसारखी थोराड वस्तू घरात दार उघडं टाकून, मान खाली घातल्यासारखी उभी राहिली.

इथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. ज्या वस्तूला ते कान लावत तीच वस्तू वाजत होती. पण सत्तावीस वर्षं ज्याचा अंदाज चुकलेला नाही त्याला याचं नवल वाटत नाही. त्याला वाटतं, आपण किती अचूक आहोत.

दूध काकूंकडे गेलं म्हणजे बातमीही गेलीच. काकू लगेच आल्या.

"भाऊजी, माझ्या मावसबहिणीकडे अस्सा आवाज यायचा. शेवटी पाल निघाली."

"कुठे?"

"घड्याळात."

"पाल रोज नऊलाच कशी ओरडेल, वहिनी?"

"अहो, घड्याळातच राहायची ना ती," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी घराचं मेन स्विच पाडलं. सगळं घर गार, मुकं. आणि त्या शांततेत टीं-टूं, टीं-टूं. मेन स्विचपाशी तेच उभे होते. आता संशय सरळ जिन्याखालच्या मीटरच्या फळीवर गेला, म्हणजे प्रकरण सोसायटीच्या हद्दीत आलं. शनिवारी नऊला सेक्रेटरी, काकू आणि कानसेन असे तिघं मीटरसमोर रांगेत उभे राहिले. आवाज झाला. सेक्रेटरींनी घाम पुसला. "तुमच्याच बाजूने आला हो," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्याच मीटरमधून." वीज कार्यालयाला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, मीटर वाजत नसतात, वाजत असल्यास लेखी अर्ज करा, आणि अर्जासोबत आवाज जोडा. आवाज कसा जोडायचा हे तिला माहीत नव्हतं. सेक्रेटरींनी आपलं जिन्यात पत्रक लावलं: मीटरजवळ कोणी उभे राहू नये, काही झाल्यास सोसायटी जबाबदार नाही.

रविवारी मुलगी घरी होती. वय वर्षं पंधरा, आणि नुकतीच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरी आलेली, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूकडे प्रयोग म्हणून बघायची.

"बाबा, तुम्ही रोज एकच चूक करताय."

"बोला, मुख्याध्यापक."

"तुम्ही दर वेळी तिथेच असता. आज तुम्ही बाहेर जा. वर, गच्चीच्या दारापाशी. मी फ्रिजजवळ थांबते, आई घड्याळाजवळ थांबेल."

"म्हणजे माझ्याशिवाय ऐकणार? कोण ऐकणार?"

"कान सगळ्यांना असतात, बाबा."

हे वाक्य त्यांना लागलं. पण पोरीने दार उघडून धरलं होतं आणि बायको हसू दाबत होती. अशा वेळी जिना चढण्यातच मान राहतो. ते चढले. गच्चीच्या दारापाशी काही नव्हतं. चार सिमेंटच्या पायऱ्या, एक कुलूप, आणि भिंत. विजेचं बटणसुद्धा नव्हतं.

नऊ वाजले.

आवाज अगदी कानाशी आला. कानाशी नव्हे, कानाच्या आतून. हाडातून. आणि आज पहिल्यांदाच, कान लावायला काहीच नसल्यामुळे, कानसेनांनी नीट ऐकलं. त्यांनी हळूच शर्टाचं वरचं बटण काढलं, डबीवर तळहात ठेवला. तळहाताखाली बारीक थरथर होती. मग ती थांबली.

ते तिथेच पायरीवर बसले. डबी कशासाठी आहे ते त्यांना ठाऊक होतं; तीन वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या मोटाररूममध्ये ते कोसळले होते आणि सोबतच्या मेकॅनिकने छाती दाबत ठेवली म्हणून वाचले होते. डबी ओरडते आहे म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, एवढं कळायला कानसेन असायची गरज नव्हती. त्यांना दिसलं ते मात्र दुसरंच. त्यांना टेबल दिसलं. कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचं एक टेबल होतं, खिडकीकडे पाठ करून ठेवलेलं, आणि अनफिट ठरलेल्या माणसाला तिथे बसवायचे. त्या टेबलाचा मागचा मालक दोन वर्षं फोन घेता घेता इतका बारीक झाला होता की शेवटी त्याच्या खुर्चीवर उशी ठेवावी लागली.

ते खाली आले.

"इथे काहीच नाही वाजलं," मुलगी दारातच म्हणाली. "वर?"

"वरही नाही," कानसेन म्हणाले. "बिघाड गेला. कधी कधी जातो आपोआप."

आपोआप गेलेला बिघाड त्यांनी सत्तावीस वर्षांत एकाही सेक्रेटरीकडून ऐकून घेतला नव्हता.

सोमवारपासून ते पावणेनऊलाच घर सोडायला लागले. कामं साठली आहेत, म्हणाले. कामं खरंच होती. एका अकरा मजली इमारतीची वार्षिक तपासणी चालली होती. नऊला ते लिफ्टच्या डोक्यावर, विहिरीसारख्या त्या अंधाऱ्या पोकळीत एकटे उभे असायचे, वर लोखंडी दोर, खाली सात मजल्यांची खोली, आणि मग तो आवाज भिंतींवर आपटत वर जायचा, परत यायचा. कानसेन दोर धरून उभे राहायचे. "तपासणी झाली की जाऊ," ते डबीला सांगायचे. "महिनाअखेर. नक्की." हेच शब्द, याच सुरात, त्यांनी कितीतरी सेक्रेटरींच्या तोंडून ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी लिफ्ट बंद करून किल्ली खिशात टाकली होती. या लिफ्टची किल्ली कुठे मिळते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते विचारतही नव्हते.

घरात मात्र आनंदीआनंद. घड्याळ बिछान्याखालून बाहेर आलं. वजनकाट्याला माफी मिळाली. शुक्रवारी दुपारी बायकोने फ्रिज पुसला, भरला, सुरू केला, तर तो उभ्या उभ्या डुगडुगायला लागला.

"पायाखालचं सरकलंय," ती मुलीला म्हणाली. "वाक जरा. तुझ्या बाबांनी काहीतरी घडी करून घातलं होतं. त्याचा आवाज सहन होत नव्हता त्यांना."

मुलीने वाकून ते ओढून काढलं. चार घड्या घातलेली पुस्तिका होती, वर फ्रिजच्या पायाचा गोल ठसा. तिने ती उलगडली. पहिल्या पानावर बाबांच्या डबीचं चित्र होतं.

संध्याकाळी कानसेन घरी आले तेव्हा दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि टेबलावर दुसरं काही नव्हतं.

"पान एकवीस," मुलगी म्हणाली. "वाचू?"

"कसलं पान?"

"'यंत्रातून रोज ठरावीक वेळी आवाज येऊ लागल्यास तो धोक्याचा इशारा समजावा व विनाविलंब रुग्णालयाशी संपर्क साधावा.' बाबा, विनाविलंब म्हणजे महिनाअखेर नव्हे."

महिनाअखेरचं हिला कसं कळलं, असा एक चोरटा विचार त्यांच्या मनात आला. कळलं नव्हतंच, ती हवेत मारत होती. पण चोराच्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं.

"रविवारी वर वाजलं होतं ना?"

ते बूट काढत राहिले. एकच बूट, बराच वेळ.

"आवाज आला की लिफ्टचं काय करता तुम्ही?" तिने विचारलं. आता तिच्या आवाजात विज्ञान प्रदर्शन नव्हतं.

"बंद करतो."

"मग?"

'मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं' हे वाक्य म्हणायचा बायकोला पुरेपूर हक्क होता, आणि वीस वर्षांत तिने असा एकही हक्क सोडला नव्हता. तो तिने त्या दिवशी सोडला, तेव्हा कानसेनांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

शनिवारी तिघंही रुग्णालयात गेले. हृदयविभाग तिसऱ्या मजल्यावर. खिडकी दहाला उघडली. खिडकीतला कारकून सभ्य माणूस होता, फॉर्मला बांधलेला.

"तक्रार काय?"

"वाजतो," कानसेन म्हणाले.

"काय वाजतं?"

"मी."

कारकुनाने फॉर्म बघितला. "छातीत दुखतं, धाप लागते, चक्कर येते, पाय सुजतात. यातलं काय?"

"यातलं काही नाही. हे वाजतात," मुलगी म्हणाली. "रोज नऊला."

"आत्ता वाजून दाखवतील?"

"नऊला वाजून झालं. उद्या नऊला वाजतील."

"उद्या रविवार. आणि खिडकी दहाला उघडते." त्याने खरोखर वाईट वाटल्यासारखं केलं. "हे बघा, डबी तपासणाऱ्या बाई फक्त नंबर लागलेले पेशंट बघतात. तातडीचं म्हणायला इथे खूण करावी लागते, आणि वाजण्याला खूण नाही. तुमची मागची तपासणी कधी झाली?"

कानसेनांनी कोपऱ्यातल्या पंख्याकडे बघितलं.

"दोन चुकवल्यात," कारकून कार्ड बघून म्हणाला. "यंत्राला तारीख दिलेली असते हो, ती पाळायची असते. पुढच्या महिन्याची अकरा देतो."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून माणूस किती लहान होतो, ते मोजायला एखादा काटा पाहिजे. मुलगी पुस्तिकेचं एकविसावं पान खिडकीला लावून भांडत होती. कानसेनांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "चल. अकरा तर अकरा." त्यांना कसंही करून त्या खिडकीपासून लांब जायचं होतं.

ते लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमन स्टुलावर बसला होता. दार लागलं, लिफ्ट खाली निघाली, आणि कानसेनांचा कान आपोआप उभा राहिला. डोक्यावर काहीतरी अगदी हलकं घासत होतं. किती बरं वाटलं त्यांना. निदान हा आवाज तरी दुसऱ्याचा होता. थरथर कुठे आहे ते बघायला त्यांनी हात उंच करून छताच्या पत्र्याला लावला. डावा हात, ते डावखुरे होते.

आतून घोड्याने लाथ घातली.

दुसरा शब्द नाही. छातीच्या आतून, पूर्ण ताकदीने, एकदाच. डोळ्यांसमोर पांढरं झालं, तोंडातून कसलासा आवाज निघाला, आणि ते गुडघ्यांवर आले. तडा गेलेली वायर हात उचलल्यावर आत घासली होती. त्या घासण्याला डबी हृदयाची धडपड समजली होती आणि आपलं काम इमानदारीने करत होती. हृदय तेव्हा अगदी ठीक चाललं होतं. कानसेन पूर्ण शुद्धीवर होते. तेच सगळ्यांत वाईट होतं.

"अहो," बायको खाली बसली, तिने त्यांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात दुसरी लाथ बसली. तिच्या हातालाही झिणझिणी आली. ती ओरडली, पण तिने हात सोडला नाही.

"करंट मारतेय," लिफ्टमन स्टुलावर चढून म्हणाला. "लिफ्ट करंट मारतेय. कोणी पत्र्याला हात लावू नका."

त्याने पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबवली आणि लाकडाला वीज लागत नाही हे आठवून स्टुलाच्या पायांनी सगळ्यांना एकेक करून बाहेर ढकललं. कानसेनांना त्याने सरपटतच ढकललं. बाहेर फरशीवर तिसरी लाथ बसली. मग थोडं थांबून चौथी. दोन लाथांच्या मधला वेळ लाथांपेक्षा वाईट होता, कारण त्यात काहीच होत नव्हतं, आणि पुढची कधी येणार हे ऐकून कळत नव्हतं. उभ्या जन्मात कानसेनांना एखादं यंत्र असं अगोदर ऐकू न येणारं भेटलं नव्हतं.

लिफ्टमनने दाराला 'बंद' अशी पाटी अडकवली आणि फोनवर तक्रार नोंदवायला लागला.

"लिफ्टला काही झालेलं नाही," कानसेन फरशीवरून म्हणाले. शब्द दातांत अडकत होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. "अगं... सांग त्याला. माझ्याकडूनच येतंय. माझ्याकडूनच."

मुलगी तोवर दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचली होती. कारकुनाला तिने काय सांगितलं ते तिने अजून घरात सांगितलेलं नाही, पण वाजण्याला खूण नसलेल्या त्या फॉर्मवर नंतर एक खूण सापडली, कागद फाटेपर्यंत दाबून केलेली.

आता कानसेनांना तातडीने वर न्यायचं होतं, आणि लिफ्ट बंद होती. आवाज आला की आधी लिफ्ट बंद. चार कर्मचाऱ्यांनी त्यांना खुर्चीत घालून जिन्याने उचललं. वळणावर एक म्हातारी कठड्याला धरून धापा टाकत उभी होती. लिफ्ट कुणामुळे बंद पडली हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती जे बोलली ते कानसेनांनी सत्तावीस वर्षं ऐकलेलं होतं, पण खुर्चीत बसून, डोळे मिटून, छातीवर बायकोचा हात घेऊन ऐकायची ही पहिलीच वेळ.

डबी तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बांगडीसारखं एक गोल लोहचुंबक छातीवर ठेवून वरून चिकटपट्टी लावली. "आता झटका येणार नाही," त्या म्हणाल्या. चुंबक लागताच डबीतून तोच टीं-टूं आवाज निघाला, लांबच लांब. सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"हाच," बायको म्हणाली. "हाच आपला फ्रिज."

आणि ती रडायला लागली. तेरा दिवसांचं एकदम.

बाईंनी पडद्यावर काहीतरी वाचलं आणि यंत्रातून एक लांब कागद काढला. त्यावर नोंदी होत्या. पहिला इशारा, सोमवार, सकाळी नऊ. मंगळवार, नऊ. बुधवार, नऊ. एकही दिवस चुकलेला नव्हता. कानसेनांनी इमारती-इमारतींत देखभालीच्या वह्या तपासल्या होत्या. इतकी चोख वही त्यांनी कुणाकडेच बघितली नव्हती.

"वायर तुटत आलीय," बाई म्हणाल्या. "म्हणून काही नसताना झटके बसले."

"आणि काही असताना?" कानसेनांनी विचारलं. "या तेरा दिवसांत खरंच बंद पडलं असतं तर?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "तर बहुतेक डबीला कळलं नसतं."

कानसेनांना लिफ्टच्या डोक्यावरची ती पोकळी आठवली, खालचे सात मजले, आणि दोर धरलेला आपला हात. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिला तो हात माहीत नव्हता. त्यांनी तिला तो कधीच सांगितला नाही.

दोन दिवसांनी नवी वायर बसली. जुनी काढणं धोक्याचं म्हणून ती आतच राहिली, तुटकी, नव्या वायरीच्या शेजारी. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि लिफ्टच्या विहिरीत उतरायचं नाही. सहा आठवडे नव्हे, कधीच नाही.

टेबल त्यांना मिळालं. खुर्चीवर उशी होतीच.

पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे न मिटलेल्या तक्रारींची फाइल आली. सगळ्यांत वर रुग्णालयाची होती, कारण लिफ्टमनने फोन केला होता तो यांच्याच कंपनीला. 'लिफ्ट प्रवाशांना करंट मारते.' तिघं मेकॅनिक तीन दिवस झाकणं उघडून बसले होते, मीटर लावले होते, काही सापडलं नव्हतं. कारण लिहिल्याशिवाय तक्रार मिटत नव्हती, आणि तक्रार मिटल्याशिवाय लिफ्ट सुरू होत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे हृदयाचे पेशंट आठवडाभर जिने चढत होते.

कानसेनांनी पेन घेतलं. 'बिघाड कुठे आढळला' या रकान्यात त्यांनी लिहिलं: प्रवाशात. 'लिफ्टची स्थिती': उत्तम, वरच्या डाव्या सरकपट्टीला तेल द्यावे, घासते आहे. ते घासणं तिघांपैकी एकालाही ऐकू आलं नव्हतं. मग 'बिघाडाचे कारण'. फोन वाजला, त्यांनी तो घेतला, कुणाच्या तरी लिफ्टचा आवाज फोनवर ऐकला, दुसऱ्या मजल्याचं दार बघा म्हणून सांगितलं, ठेवला. मग लिहिलं: देखभालीच्या दोन तारखा चुकवल्या. शेवटच्या रकान्यात पुढच्या तपासणीची तारीख लागते. तिथे त्यांनी स्वतःची घातली, आणि सही केली.

घरी घड्याळ पुन्हा भिंतीवर आहे. फ्रिजच्या पायाखाली आता पुठ्ठा आहे. पुस्तिका दाराशी, किल्ल्यांच्या खुंटीला दोऱ्याने बांधलेली आहे. सकाळी नऊला दोन मिनिटं कमी असताना कानसेन पंखा बंद करतात. बायको ओट्यापाशी हात थांबवते. ती येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहते आणि वाकून त्यांच्या डाव्या खांद्याखाली कान लावते. ते ऐकत नाहीत. ऐकायचं काम आता त्यांनी तिच्यावर सोडलं आहे. ते नुसते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतात.

काटा नऊवरून पुढे सरकतो.

"काय?" ते विचारतात.

ती आणखी थोडं थांबते. रोजच थांबते.

"सध्या तरी," ती म्हणते, "तुमच्याकडून काही नाही."